इंदूरचा खतखड्डा आणि परदेशातले हिरवे पान

२०२१ सालच्या संक्रांतीआधी आठ दिवस माझ्या भाचीचा जर्मनीहून फोन आला. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती काही महिन्यांपूर्वीच तिकडे गेलेली, पदरी दोन वर्षांचे मूल. तिने विचारले ते एवढेच : "मामा, तिळगुळाला तीळ कुठले घेऊ? भारतीय दुकानातले घ्यायचे नाहीत असं इथे सगळे म्हणतात. आणि 'बिओ' दुकानातल्या पिशवीवरही कोपऱ्यात भारतच लिहिलंय." त्या वेळी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधताना मी जर्मनीच्या बाजारातून निघालो आणि आपल्याच इंदुरात येऊन पोहोचलो. ती वाट आपल्यापुढे मांडतो. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी बाहेर आहे, आणि नव्या देशात पहिली अडचण भाषेची येते तशीच दुसरी ताटाची येते.

माझ्या संग्रही १९३१ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून निघालेल्या एका पुस्तकाची प्रत आहे. शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस, म्हणजे मुरलेले काळे खत, कसे करावे हा त्याचा विषय. लेखक दोन : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. पहिले नाव जगभर गेले. दुसरे आडनाव आपल्या मंडळींना ओळखून द्यावे लागणार नाही.

हॉवर्ड हा इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८७३चा. १९०५ साली तो बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः मोठी वनस्पतिशास्त्रज्ञ होती. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. पण पुशाला त्याचे मन रमेना. किडीचा अभ्यास एका खात्याकडे, बुरशीचा दुसऱ्याकडे, मातीचा तिसऱ्याकडे. पीक मात्र कोणाचेच नाही, अशी त्याची तक्रार होती. शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले खरे शिक्षक, असे तो पुढे म्हणत असे. साहेबाच्या तोंडी त्या काळी हे वाक्य सोपे नव्हते.

१९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा आणि मध्य भारतातील संस्थानांचा. तीनशे एकर जमीन होळकर दरबाराने नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिली. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. संस्थेचे काम कापसाचे, पण हॉवर्डचे डोळे उकिरड्यावर खिळले. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. तिला खत हवे, आणि शेणाच्या तर गोवऱ्या होऊन चुलीत जायच्या. 'पूर्वी सारे सेंद्रियच होते' असे आपण उसासून म्हणतो ना, ते मला फारसे पटत नाही. पूर्वी रासायनिक खत नव्हते हे खरे. पण जमिनीला तिचे परत मिळत होतेच असे नाही. हॉवर्डने माळव्यात पाहिलेली उपासमार जमिनीचीही होती.

चिनी शेतकऱ्यांची खत करण्याची रीत त्याने वाचली होती. वाड रसायनाच्या बाजूचे. दोघांनी जे बसवले ते असे : तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा, बाजू उतरत्या. त्यात पालापाचोळा, तण, धसकटे, उसाचे पाचट यांचे थर. पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजायला कठीण, म्हणून त्या आधी शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली चुरायच्या. त्यावर शेण, थोडी लाकडाची राख, आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती. ही माती म्हणजे खरी युक्ती. गोठ्याला फरसबंदी न करता मातीचा थर द्यायचा आणि काही महिन्यांनी तो उकरून खड्ड्यात घालायचा. बैलाचे मूत्र वाया जात नाही. मग पाणी, आणि तीन वेळा उलथापालथ : पंधरवड्याने एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत वास नसलेले, हातात भुसभुशीत लागणारे खत तयार. विकत आणायचे काहीच नाही. याचेच नाव जगात 'इंदूर पद्धत' पडले.

गॅब्रिएल १९३० साली वारली, आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड परत गेला. १९३५ च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी संस्थेतले हे खत पाहिले आणि नंतर 'हरिजन'मधून त्याची माहिती दिली. श्रीलंका आणि केनियातील चहा-कॉफीच्या मळ्यांवर इंदुरी ढीग लागले. आपण इंदूरकर मात्र होळकरांचे वाडे आणि सराफ्यातला खाऊ दाखवतो. त्या खड्ड्याची वाट कोणा पाहुण्याला दाखवल्याचे मला आठवत नाही.

योगायोग असा, की ज्या १९२४ साली इंदूरची संस्था निघाली त्याच वर्षी जूनमध्ये आजच्या पोलंडमधील कोबरविट्झ येथे रुडॉल्फ स्टायनरने शेतीवर व्याख्याने दिली. त्यातून 'जीवगतिक' शेती निघाली आणि १९२८ पासून 'डिमीटर' ही तिची खूण झाली. दोन्ही वाटांचा एकमेकींशी संबंध नव्हता, आणि स्टायनरच्या ग्रहताऱ्यांवर हॉवर्डचा मुळीच विश्वास नव्हता. १९४० साली हॉवर्डचे 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' निघाले. त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न याने आपल्या पुस्तकात 'ऑरगॅनिक' शेती हा शब्द वापरला. त्याला अभिप्रेत होते ते रसायनशास्त्रातले 'ऑरगॅनिक' नव्हे. शेत हा अवयवांचा मिळून एक जिवंत देह आहे, असा त्याचा अर्थ होता. आपला 'सेंद्रिय' शब्द, स-इंद्रिय, या अर्थाला किती चपखल बसतो पाहा! अमेरिकेत जे. आय. रोडेल हॉवर्डच्या लेखनाने इतका भारला की त्याने पेनसिल्व्हेनियात शेत घेतले आणि १९४२ साली मासिक काढले; हॉवर्ड त्याचा सहसंपादक. १९४६ साली इंग्लंडात 'सॉइल असोसिएशन' निघाली.

तोवर हे सारे मूठभर लोकांचे वेड होते. शेतकरी आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत, तोवर शिक्क्याची गरज नव्हती. माल दुकानात आणि मग देशोदेशी जाऊ लागला तसा कायदा आला : अमेरिकेत १९९०, युरोपात १९९१. अमेरिकेचा शिक्का प्रत्यक्षात २००२ साली लागला, जर्मनीचा षटकोनी शिक्का २००१चा, आणि युरोपचे ताऱ्यांनी रेखलेले हिरवे पान २०१०चे.

बाहेर असलेल्या आपल्या मुलाबाळांना यातले काय उपयोगी? युरोपात 'बिओ', 'ओको', 'इकॉलॉजिकल' हे शब्द कायद्याने बांधलेले आहेत. ते खाद्यपदार्थावर कोणालाही लावता येत नाहीत. अमेरिकेत 'ऑरगॅनिक' बांधलेला आहे, पण 'नॅचरल' या शब्दाने शेत कसे पिकवले ते कळत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. तिथल्या फळांवरच्या चिकटपट्टीवर पाच आकडे असून पहिला नऊ असेल तर ते सेंद्रिय. साध्या केळ्याचा आकडा ४०११, सेंद्रियाचा ९४०११. युरोपात अंड्यावरच आकडा छापलेला असतो : शून्य म्हणजे सेंद्रिय, तीन म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी. (आमच्या घरी अंडे चालत नाही, पण भाचीच्या घरी चालते, म्हणून सांगितले.) हिरव्या पानाखाली एक संकेत असतो आणि त्याखाली माल युरोपातला की बाहेरचा ते लिहिलेले असते. संकेत मात्र माल शेवटी ज्याने भरला त्याची तपासणी करणाऱ्या संस्थेचा असतो, शेताचा नव्हे. भाचीच्या तिळांवर जर्मन संकेत आणि भारताचे नाव एकत्र होते ते यामुळे.

आता तिळांचे. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याची सूचना दिली. जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू युरोपात अन्नासाठी कधीचाच बंद आहे. माल मोठ्या प्रमाणावर परत मागवला गेला, आणि त्यात सेंद्रिय म्हणून विकलेलाही होता. मग भारतातून येणाऱ्या तिळांच्या निम्म्या खेपा तपासण्याचा नियम झाला. मला हे वाचून राग आला, आणि तो परक्यांचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मीही 'बिनखताचा' म्हणून एकाकडून दुप्पट भावाने शरबती गहू भरला होता. पुढे कळले की तो मंडीतलाच. माझ्यापाशी ना संकेत होता, ना तपासणारे कोणी. भाचीच्या हातातल्या पिशवीमागे निदान ती परत मागवणारी यंत्रणा होती. म्हणून तिला मी सांगितले, हिरव्या पानाचेच घे, आणि परत मागवलेल्या मालाच्या यादीत ते नाहीत एवढे आधी बघ.

आपल्याकडेही २००१ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, २०१७ पासून 'जैविक भारत' ही खूण आहे. प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेश देशात आघाडीवर आहे. इथल्या सेंद्रिय सोयाबीनची पेंड परदेशी जनावरांच्या दावणीला जाते. इंदूरच्या बाजारात सेंद्रिय तूर शोधायला मला तीन दुकाने हिंडावे लागले.

भाचीने पुढे गावाबाहेरच्या एका शेताचा वाटा घेतला. वर्षाचे पैसे ठरवून द्यायचे, आठवड्याला जे पिकेल ते न्यायचे, आणि अधूनमधून कामाला जायचे. भेंडी नाही, मेथी नाही. गाजर, कोबी आणि न संपणारे बीट. गेल्या वसंतात तिच्याकडे खताचा ढीग उलटण्याचे काम आले. ढीग कोरडा पडला होता. तिने तिथूनच फोन केला, मागे फावड्यांचा आवाज येत होता : "मामा, पाणी किती घालायचं?" मी पुस्तक उघडले. पिळून काढलेल्या स्पंजाइतका ओला असावा, असे तिथे आहे. ते मी तिला वाचून दाखवले. "कोणी लिहिलंय?" तिने विचारले. मी दोन्ही नावे सांगितली.