पावाची कुळकथा

या महोत्सवाच्या पंगतींत पाव वाढला जाईल, तेव्हां तो आपल्या किनाऱ्यावर कसा आला हें वाचकांनीं थोडें आठवावें. गोवें पोर्तुगीजांच्या हातीं १५१० सालीं गेलें, वसई १५३४ सालीं. ‘पाव’ हा शब्द त्यांचाच. गोव्यांत पाव भाजणाऱ्यास ‘पोदेर’ म्हणतात, तोहि त्यांच्याच भाषेंतून आलेला.

परंतु भातावर जगणाऱ्या या मुलखांत खमीर कोठून मिळणार? तें माडानें दिलें. माडी काढल्यापासून थोड्याच वेळांत आंबूं लागते. तिच्यांतील सूक्ष्म जीव साखरेचा वायु करितात. ती गव्हाच्या पिठांत मळली, कीं तोच वायु पिठाच्या चिकटपणांत कोंडला जाऊन गोळा फुगतो व पाव मऊ होतो. रीत परकी खरी, पण तिचा जीव येथील माडाचा!

याच पावावरून आम्हांस टोमणाहि ऐकावा लागतो : विहिरींत पाव टाकला आणि तुमचे पूर्वज बाटले. त्या काळीं सक्ती झालीच नाहीं, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, तरी आमच्या लोकांनीं उपासना सोडिली नाहीं. तेव्हां त्यांस कोणता पाव अडवीत होता? शिवाय आमच्या लॅटिन विधींत वेदीवरील भाकर केवळ गहूं व पाणी यांची. तींत खमीर नाहीं, माडीहि नाहीं.

माडीचा पाव आतां दुर्मिळ. लग्नघरीं फुगे तळावयाचे तरी पिठांत दुकानांतलें यीस्ट पडतें, आणि वडीलधाऱ्या बाया पहिला फुगा मोडून चाखतात व ‘माडीची चव नाहीं’ असें पुटपुटतात.