संपादन

आम्हा लिहिणाऱ्यांना ‘संपादन’ म्हटलं की लेखाची काटछाट आठवते. हाच शब्द सरकारी नोटिशीत ‘भू’ लावून आला, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मूळ संस्कृत धातू ‘पद्’. त्याला ‘सम्’ जोडला की संपत्ती, ‘आ’ जोडला की आपत्ती. दोघी सख्ख्या बहिणीच! संपादन म्हणजे मिळवणं. विद्या संपादन करावी, विश्वास संपादन करावा. त्यात देणाऱ्याचं काही कमी होत नाही. जमिनीचं तसं नसतं. १८९४च्या भूसंपादन कायद्याने मुळशी खोऱ्यातली भातखाचरं टाटांच्या वीजप्रकल्पासाठी घेतली गेली. खासगी कंपनीचं धरण, तरी ‘सार्वजनिक प्रयोजन’! १९२१मध्ये तिथे सत्याग्रह पेटला, सेनापती बापट तुरुंगात गेले, पण धरण झालंच. तो कायदा बदलायला २०१३ साल उजाडलं. नव्या नावात भरपाई आली, पुनर्वसन आलं. ‘संपादन’ मात्र हललं नाही.

गावात हा शब्द सहसा कोणी वापरत नाही. ‘जमीन धरणात गेली’, ‘रस्त्यात गेली’ एवढंच म्हणतात. घेणाऱ्याचं नावही नाही. आणि गंमत म्हणजे, धातुपाठात ‘पद्’चा अर्थ दिलाय तोही हाच: जाणे.