देवमाशाला थंडी का वाजत नाही?

हिवाळ्यात पहाटे पंचगंगेत पोहायला उतरणाऱ्यास थोड्याच वेळात हुडहुडी भरते. तितक्याच तापमानाच्या हवेत मात्र तो बराच वेळ उभा राहू शकतो. याचे कारण असे, की पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते. असे असूनही देवमासे, डॉल्फिन, सील आदी सागरी सस्तन प्राणी गोठणबिंदूजवळच्या पाण्यातही आपल्या शरीराचे तापमान ३६ ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात.

यात मुख्य वाटा त्वचेखालील चरबीच्या जाड थराचा असतो. या थरास 'ब्लबर' म्हणतात. त्यातून उष्णता सहजी बाहेर जात नाही. उत्तर ध्रुवीय समुद्रातील बोहेड देवमाशात तो सुमारे अर्धा मीटर जाड असतो. प्रचंड आकाराचाही उपयोग होतो. शरीर जितके मोठे, तितके आकारमानाच्या तुलनेत त्याचे पृष्ठफळ कमी आणि उष्णतेचा ऱ्हासही कमी. समुद्री पाणमांजराला ब्लबर नसतो. त्याच्या अतिशय दाट केसांत अडकलेली हवा त्याला ऊब देते. शिवाय शरीरात पुरेशी उष्णता निर्माण व्हावी म्हणून ते रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा अन्न खाते.

डॉल्फिनच्या परांवर आणि शेपटीवर चरबीचे असे आवरण नसते. तेथे रक्तवाहिन्यांची विशिष्ट रचना उपयोगी पडते. उष्ण रक्त नेणाऱ्या प्रत्येक धमनीभोवती शिरांचे जाळे असते. टोकाकडून परतणारे थंड रक्त धमनीतील उष्णता घेऊन शरीरात येते. त्यामुळे ती पाण्यात वाया जात नाही. यालाच 'प्रतिप्रवाही उष्णता-विनिमय' म्हणतात.

गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसतात. कोकणच्या कोमट समुद्रात त्यांच्यापुढे उलट प्रश्न असतो. वेगाने पोहताना निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकावी लागते. त्या वेळी परांच्या त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मोटारीच्या रेडिएटरप्रमाणे पर उष्णता पाण्यात सोडतात.

मात्र पाण्याबाहेर ही व्यवस्था कोलमडते. वाळूवर अडकलेल्या देवमाशाची उष्णता वाहून नेण्यास भोवती पाणी नसते. वरून ऊन तापते आणि एरवी जीव राखणारी चरबीच उष्णता आत कोंडून ठेवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथे किनाऱ्याला लागलेले देवमाशाचे पिल्लू मोठ्या प्रयत्नांनी समुद्रात नेण्यात आले. पण ते वाचू शकले नाही. असा प्राणी आढळल्यास वन विभागाला तातडीने कळवावे. मदत येईपर्यंत डोक्यावरील श्वसनछिद्र मोकळे ठेवून उर्वरित अंगावर ओली कापडे टाकावीत व परांवर सतत पाणी ओतत राहावे.