हरणाला बांध ठाऊक नसतो

शिकार म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे संस्थानिक, मचाण आणि हाका घालणारे गावकरी उभे राहतात. आम्हांला आज हा विषय त्या हाका घालणाऱ्यांच्या बाजूने मांडावयाचा आहे. देश जर्मनी, आणि प्रश्न असा, की ज्याच्यापाशी दहा-वीस एकरच जमीन आहे त्याने तिच्यावरील हरणांची व्यवस्था कशी पाहावी?

जुन्या काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. हरिण सरदाराचे, पीक कुळाचे. हरणाने पीक खाल्ले तर कुळाने पाहत राहावे आणि सरदार शिकारीला निघाला की वेठीने हाका घालावयास जावे. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरी शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या; त्यांतली चौथी याच अन्यायाविषयी होती. ते बंड चिरडले गेले. पुढे १८४८ च्या क्रांतीत परक्या जमिनीवरील सरदारांचा शिकारीचा हक्क रद्द झाला. ज्याची जमीन, त्याची शिकार, असे ठरले.

परंतु झाले काय? हरिण सकाळी एकाच्या गव्हात, तर सायंकाळी दुसऱ्याच्या झाडीत. आपण राखले तर शेजारी मारील, मग आपणच का न मारावे, असा विचार जो तो करू लागला आणि हरणे झपाट्याने घटली. तेव्हा प्रशियाने ७ मार्च १८५० रोजी कायदा केला. ज्याची ३०० मॉर्गेन, म्हणजे सुमारे १९० एकर, सलग जमीन असेल त्यालाच स्वतंत्र शिकारीची मुभा. बाकीच्यांच्या जमिनी मिळून गावाची एक शिकारभूमी. मोठ्याला मोकळीक आणि लहानाला सक्ती, हा त्यातला पक्षपात उघडच आहे. तरीही लहान तुकड्यावर एकट्याने हरिण राखता येत नाही, हे त्यामागचे सत्य खोटे ठरत नाही.

१९३४ साली नाझी राजवटीने देशभर एकच कायदा लादला. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९५२ मध्ये नवा केला. त्यात मर्यादा ७५ हेक्टरांची आहे. त्याहून लहान जमिनीचे मालक आपोआप गावच्या शिकार-संघाचे सभासद होतात. या संघाच्या जर्मन नावात ‘गेनोसे’ हा शब्द आहे, आणि तेथील समाजवादी कामगार एकमेकांना याच शब्दाने हाक मारतात! संघाच्या ठरावाला माणसांचे बहुमत लागते आणि जमिनीचेही. त्यामुळे एकटा बडा मालक गावावर कुरघोडी करू शकत नाही.

संघ बहुधा शिकारीचा मक्ता देतो. मक्त्याची मुदत साधारणतः किमान नऊ वर्षांची, कारण वर्षाचा पाहुणा हाती लागेल ते मारून निघून जाईल. नर किती, माद्या किती, पाडसे किती मारावयाची याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हरणे फार झाली तर कोवळे कोंब खातात आणि नवे जंगल उभेच राहत नाही. पिकाची नुकसानभरपाई संघावर असते. करारान्वये ती पुष्कळदा मक्तेदार पत्करतो. हौसेसाठी हरणे वाढवणाऱ्याच्या खिशाला अशी झळ बसते.

आता, ज्याला शिकारच पाप वाटते त्याने काय करावे? २६ जून २०१२ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला, की अशा मालकाला त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध आपल्या जमिनीवर शिकार सोसायला लावणे अन्यायाचे आहे. २०१३ मध्ये कायद्यात तशी सूट आली. मात्र सूट घेणाऱ्याला पिकाची भरपाई मागता येत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हरणाची शिकार बंद आहे. तेव्हा ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु रानातल्या जनावराने पीक खाल्ले तर तो भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आपल्याही शेतकऱ्याच्या बांधावर उभा आहे. जर्मनीच्या इतिहासातून आम्ही इतकेच घेतो : जो ठरवतो त्यानेच किंमत मोजावी, आणि लहानांनी एकत्र येताना वेगळ्या मताच्या सोबत्यालाही जागा ठेवावी.