चिकटे, आकाश

चिकटे, आकाश : (1992 – ). भारतीय हॉकी गोलरक्षक. मूळचे यवतमाळचे. 2016 च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात जखमी गोलरक्षक श्रीजेशच्या जागी त्यांनी गोल सांभाळला. क्वांतान येथील या सामन्यात भारताने पाकिस्तानला 3-2 असे नमवले. 2017 मध्ये ढाका येथील आशिया चषक जिंकणाऱ्या संघात ते होते. त्याच वर्षी भुवनेश्वरच्या हॉकी वर्ल्ड लीग फायनलमध्ये बेल्जियमविरुद्धची उपांत्यपूर्व लढत 3-3 अशी बरोबरीत सुटली आणि निकाल शूटआउटवर गेला. शूटआउटमध्ये 23 मीटर रेषेवरून निघालेल्या आक्रमकाला फक्त 8 सेकंद मिळतात. पुढे सरसावून कोन कमी करणे हे गोलरक्षकाचे कौशल्य. बेल्जियमविरुद्धच्या शूटआउटमध्ये चिकटे यांचे बचाव निर्णायक ठरले. या स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले. 2018 मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली.