सरदारगृहातील पाहुणे

रत्नागिरीच्या माणसाला मुंबई कधी परकी वाटली नाही. मात्र तेथे उतरायचे कोठे, हा प्रश्न त्याला पिढ्यान्‌पिढ्या पडत आला. आगबोटीतून वळकटी घेऊन उतरलेला गिरणीकामगार गाववाल्यांची खोली शोधीत परळ-लालबागकडे वळे. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा पथारी टाकी, आणि जेवणाची सोय खानावळवाल्या बाईंकडे असे. आपल्या गोवेकर बांधवांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’ काढले. तेथे प्रत्येकाच्या पेटीपुरती जागा, भिंतीशी वेदी, रात्री जपमाळेची प्रार्थना आणि वर्षातून एकदा गावच्या संताचा सण. दोन बोटींच्या मधले दिवस खलाशी तेथे काढीत. दाटीवाटी होती, पण माणूस उघड्यावर नव्हता.

दुसऱ्या टोकाला बडी हॉटेले. वॉटसनचे हॉटेल गोऱ्यांचे. १९०३ साली उघडलेले ताजमहाल राजेरजवाड्यांचे आणि धनिकांचे. मग कोर्टाच्या कामासाठी चार-आठ दिवस आलेल्या वकिलाने, संपादकाने, संस्थानी कारभाऱ्याने जायचे कोठे? नातलगाच्या दोन खोल्यांत किती दिवस राहायचे? स्वच्छ खोली, वेळेवर जेवण आणि खिशाला सोसेल असा दर, एवढीच ज्यांची अपेक्षा, त्यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह होते. धोबीतलावच्या कुडांपासून ते पायी थोड्याच अंतरावर.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले बाळ गंगाधर टिळक मुंबईत आले की येथे उतरत. त्यांचे बिऱ्हाड पुण्याचे. आमच्या गावच्या टिळक आळीतील त्यांचे जन्मघर आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. त्यांच्या आयुष्यातील दोन निर्णायक प्रसंग मात्र मुंबईतल्या या भाड्याच्या खोल्यांशी जोडलेले आहेत, हे क्वचितच सांगतो.

पहिला प्रसंग २४ जून १९०८ चा. त्या संध्याकाळी राजद्रोहाच्या आरोपावरून पोलिसांनी टिळकांना सरदारगृहात अटक केली. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी मंडालेला. दैवगती पाहा! मंडालेचा पदच्युत राजा थिबा तेव्हा आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, असे काही वर्षे चालले. दोघांनाही मुक्कामाची जागा सरकारने नेमून दिली होती.

टिळकांच्या निकट वर्तुळात आपल्या समाजाचे एक थोर गृहस्थ होते, जोसेफ बाप्टिस्टा. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले हे ईस्ट इंडियन बॅरिस्टर लोकांमध्ये ‘काका’ म्हणून ओळखले जात. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढे १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. पुण्याचे चित्पावन ब्राह्मण आणि माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर यांची ही मैत्री आपल्या घरांतून जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही, याची आम्हांस खंत वाटते. माझगावात त्यांच्या नावाची बाग आहे. तेथे फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी कितींना हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल?

दुसरा प्रसंग १९२० चा. जुलैमध्ये टिळक मुंबईस आले आणि नेहमीप्रमाणे सरदारगृहात उतरले. तेथेच तापाने अंथरूण धरले. चौसष्टावा वाढदिवस त्या आजारपणातच गेला. भाड्याच्या खोलीची रुग्णशय्या झाली. जिन्यावर डॉक्टरांची, स्नेह्यांची ये-जा सुरू झाली आणि बाहेर रस्त्यावर बातमीसाठी लोक ताटकळू लागले. असला पाहुणा आणि असली गर्दी सांभाळणे कोणत्याही हॉटेलला सोपे नव्हे.

१ ऑगस्ट उजाडण्यापूर्वीच, मध्यरात्र उलटल्यावर, टिळकांनी देह ठेवला. दिवसा पाऊस कोसळत होता, तरी माणसांचा लोंढा थांबेना. पार्थिव लोकांना दिसावे म्हणून सरदारगृहाच्या सज्जात बसविण्यात आले. तेथून अंत्ययात्रा निघाली ती गिरगावच्या चौपाटीकडे. गिरणीकामगार, व्यापारी, विद्यार्थी असे सारे तीत चालत होते. गांधीजींनीही खांदा दिला. नेहमीचे स्मशान सोडून दहन समुद्रकाठच्या वाळूत झाले. रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागणारा तोच हा समुद्र.