झिजण्यासाठीच घडवलेले चाक

१९५५ साली शेव्हरोलेने २६५ घनइंचांचे नवे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. एड कोल यांच्या नेतृत्वाखाली घडलेले हे इंजिन पुढे अमेरिकेतील शर्यतवाल्यांचे लाडके ठरले. त्याच्या मागच्या टोकाला, सहसा कोणाच्या नजरेस न पडणारी, दोन लहान दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असत. एक कॅमशाफ्टवरच कोरलेले. दुसरे डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर बसवलेले. ठिणगी कोणत्या क्षणी पडावी हे या जोडीवर ठरे, आणि त्याच दांड्याच्या खालच्या टोकाकडून ऑइल पंपही फिरे. दाते गेले, की ठिणगी आणि तेल दोन्ही एकदम थांबत.

मूळ इंजिनात कॅमशाफ्ट बिडाचा आणि डिस्ट्रिब्यूटरचे चाकही बिडाचेच. ही निवड कंजूषपणाची वाटेल, पण ती शहाणपणाची होती. या दोन चाकांचे अक्ष परस्परांना काटकोनात असल्याने त्यांचे दाते एकमेकांवर टेकतात अगदी लहान जागी आणि घासतात मात्र फार. बिडाच्या अंगातले ग्राफाइट हे घर्षण सुसह्य करते.

पेच निर्माण झाला तो वेगाच्या हव्यासातून. झडपा अधिक उंच आणि अधिक झपाट्याने उघडाव्यात म्हणून शर्यतवाल्यांनी रोलर टॅपेट स्वीकारले. त्या बारीक रोलरचा दाब बिडाच्या उंचवट्यांना पेलेना. म्हणून कॅमशाफ्ट पोलादाचा झाला. डिस्ट्रिब्यूटरवर मात्र जुनेच चाक राहिले, तर पोलादी दाते त्याला अल्पावधीत खाऊन टाकत. त्यातच जाड तेल आणि मोठा ऑइल पंप असेल, तर दात्यांवरचा भार आणखी वाढे.

यावर उपाय सापडला तो कांस्यात. कांस्य पोलादाशी चिकटत नाही. मऊ असल्याने स्वतः झिजते आणि महागडा कॅमशाफ्ट वाचवते. याची किंमतही होतीच. झिजलेल्या कांस्याचा चुरा तेलात उतरे, ठिणगीची वेळ हळूहळू मागे सरके, आणि ठरावीक काळाने डिस्ट्रिब्यूटर उपसून दाते तपासावे लागत. शर्यतीच्या तंबूत हे चालून जाई. रोज कचेरीला जाणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा कशी करायची?

हा प्रश्न १९८०च्या दशकात कारखान्यांच्या दारात आला. फोर्डने १९८५च्या मस्टँगमधील ५ लिटरच्या इंजिनात रोलर टॅपेट आणले आणि पोलादी कॅमशाफ्टला पोलादी चाकच जोडले. शेव्हरोलेच्या या व्ही-८ मध्ये ते १९८७ पासून आले. अशा कॅमशाफ्टसाठी पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कठीण केलेली चाकेही वापरात आली. तरीही जुन्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट घालताना डिस्ट्रिब्यूटर तसाच ठेवण्याची चूक हौशी मंडळी करीतच राहिली.

१९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ इंजिनात डिस्ट्रिब्यूटरच उरला नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल मिळाली, आणि ऑइल पंप थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर जाऊन बसला.